आधी ऊन मोजा, मग कुंड्या आणा: फ्लॅटमधल्या भाजीबागेचं पहिलं वर्ष

घरी भाजी लावायची असं ठरलं की बहुतेक जण सगळ्यात आधी नर्सरी गाठतात. रोपं लावायच्या दहा प्लॅस्टिक पिशव्या म्हणजे ग्रो बॅगा, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट, वीस प्रकारच्या बियांचा संच, हिरव्या दांड्याची खुरपी आणि येता येता टोमॅटो लगडलेलं एक तयार रोप. दोन महिन्यांनी त्या बॅगांमध्ये गवत माजलेलं असतं आणि घरात एक वाक्य कायमचं मुक्कामाला येतं: "आमच्या हाताला काही लागत नाही बाई." हाताचा यात काही संबंध नसतो. कामांचा क्रम उलटा झालेला असतो.

सरळ क्रम असा: आधी ऊन बघायचं, मग हंगाम, मग माती तयार करायची, मग पालेभाजी आणि फळभाजी सगळ्यात शेवटी. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशा शहरातल्या, एखादी बाल्कनी किंवा सोसायटीच्या गच्चीचा कोपरा मिळेल अशा घरासाठी हे लिहितो आहे. ज्यांना अंगण आहे त्यांनी कुंड्यांचा भाग सोडून द्यावा, बाकी सगळं त्यांनाही लागू पडतं.

ऊन किती तास येतं?

एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते संध्याकाळी सहा, दर तासाला बाल्कनीचा एक फोटो काढा. थेट ऊन किती तास पडतं ते रात्री मोजा. उजेड धरायचा नाही, सावली पडण्याइतकं ऊन धरायचं.

सहा तास किंवा जास्त ऊन असेल तर टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, वेलभाज्या सगळं जमेल. तीन-चार तास असेल तर पालक, मेथी, कोथिंबीर, माठ, कांद्याची पात. दोन तासांपेक्षा कमी असेल तर अळू, पुदिना आणि ओव्याची पानं यांवर समाधान मानावं. वर्षभर वांग्याची वाट बघत बसण्यापेक्षा ते बरं.

उजेड आणि ऊन यातला फरक आपण दर नवरात्रात घरातच बघतो. घटाभोवती पेरलेलं धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढतं, पण कसं? पिवळट, लांबुळकं, एका बाजूला कललेलं. देवघरात ऊन नसतं म्हणून ते उजेडाच्या शोधात नुसतं उंच धावतं. खिडकीत लावलेली टोमॅटोची रोपं तशीच दिसू लागली तर त्यांना खत नको असतं, जागा बदलून हवी असते.

बाल्कनीतलं ऊन मोजताना दिशा आणि महिनाही लिहून ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत डिसेंबरमध्ये ऊन अगदी आतल्या भिंतीपर्यंत येतं आणि मे महिन्यात तिथेच कठड्यापाशी थबकतं. पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो (शून्य सावलीचा दिवस तो हाच), त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो थोडा उत्तरेला असतो. म्हणजे उत्तरेच्या बाल्कनीला वर्षातून जे काही ऊन मिळायचं ते नेमकं ढगांच्या दिवसांत मिळतं. ज्यांची बाल्कनी उत्तरेला आहे त्यांनी सरळ गच्चीचा विचार करावा.

गच्ची असेल तर दोन गोष्टी आधी

कमिटीची लेखी परवानगी घ्या. तोंडी "लावा हो, काय बिघडतंय" म्हणणारे चेअरमन पुढच्या निवडणुकीत बदलतात आणि वरच्या मजल्याच्या छताला ओल आली की पहिलं बोट कुंड्यांकडे जातं. म्हणून कुंडी थेट फरशीवर ठेवू नका. विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा, खालून झाडू फिरला पाहिजे आणि पाणी वाहून पन्हाळीकडे गेलं पाहिजे.

दुसरी गोष्ट वजन. वीस लिटरची बॅग मातीने भरून भिजली की तीस किलोच्या पुढे जाते. जिन्याने जाता येतं अशा गच्चीचा आराखडा साधारण चौरस मीटरला १५० किलो वापराचा भार धरून केलेला असतो. त्यात माणसं, टाक्या, वाळवणं सगळं आलं. तेव्हा जड भांडी मध्यभागी न मांडता कडेने, खाली तुळई किंवा भिंत असेल अशा ओळीत मांडावीत. इमारत जुनी असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय वाफे बांधायचे नाहीत.

खिडकीच्या ग्रिलवर, कठड्यावर कुंड्या ठेवू नका. खालून माणसं जात असतात.

सुरुवात जूनमध्ये करू नका

पहिला पाऊस पडला की सगळ्यांनाच पेरावंसं वाटतं. शेतकऱ्याचं ते बरोबर आहे, कारण त्याला पाण्याची वाट बघायची असते. आपल्याला नळाचं पाणी आहे, आपली अडचण उन्हाची आहे. जून ते ऑगस्ट मुंबई-कोकणात ऊन दिसत नाही, मेथी-कोथिंबिरीची कोवळी रोपं मुसळधार पावसात झोपतात आणि बुडाशी कुजतात. नवख्या माणसाचा हुरूप तिथेच संपतो.

सगळ्यात सोपा काळ दसऱ्यानंतरचा. पाऊस सरलेला, ऊन स्वच्छ, रात्री थंड होत चाललेल्या. ऑक्टोबर ते जानेवारीत पालेभाज्यांवर कीडही कमी असते. मग आत्ता जून असेल तर काय करायचं? माती आणि खत तयार करायचं. त्याला दोन-तीन महिने लागतातच.

पुढच्या वर्षासाठी ढोबळ वेळापत्रक असं धरा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत उन्हाळी भेंडी, गवार, काकडी, दुधी. मे अखेरीला आलं, हळद, अळकुड्या. जूनमध्ये भेंडी, दोडका, कारलं, घोसाळं, अंबाडी, माठ. ऑगस्ट-सप्टेंबरात टोमॅटो-वांगी-मिरचीची रोपं टाकायची आणि दसऱ्याच्या पुढेमागे ती मोठ्या कुंडीत हलवायची. त्याच सुमाराला मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, चाकवत, मुळा, घेवडा.

भांडी

यावर खर्च करू नका. पालेभाजीला सहा इंच खोली पुरते, पण पसरट भांडं हवं: फळांचे प्लॅस्टिक क्रेट आतून गोणपाट लावून, फुटकी टबं, थर्मोकोलचे खोके. मिरची, वांगी, टोमॅटोला बारा इंच खोल आणि पंधरा-वीस लिटरचं भांडं; रंगाचे रिकामे मोठे डबे यासाठी झकास, फक्त स्वच्छ घासून घ्या. दुधी, दोडका असल्या वेलांना चाळीस लिटर तरी लागतात. रसायनांचे पिंप फुकट मिळाले तरी आणू नका.

तळाला तापवलेल्या सळईने बोट जाईल एवढी पाच-सहा भोकं पाडा, त्यांवर नारळाच्या किशीचा किंवा खापराचा तुकडा ठेवा. पातळ ग्रो बॅग उन्हाने दोन-तीन वर्षांत फाटते, हे घेताना लक्षात असू द्या.

माती: खरं काम इथे आहे

नुसती बागेतली किंवा बांधकामावरची माती कुंडीत भरली की सहा महिन्यांत तिची वीट होते. देशावरची काळी माती तर कुंडीत विशेष त्रास देते. ओली असताना चिखल, वाळली की कडेने भेग पडते आणि ओतलेलं पाणी भेगेतून थेट खाली जातं. मुळं कोरडीच. कोकणातली तांबडी माती निचऱ्याला बरी, पण तिच्यात पोटाला काही नसतं.

एक भाग पोयट्याची (नदीकाठच्या गाळाची) किंवा लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग कोकोपीट, आणि वीस लिटरला दोन मुठी निंबोळी पेंड (निंबोळ्यांचं तेल काढून उरलेला चोथा) असं मिश्रण करा. कोकोपीटची वीट बादलीत भिजवून दोनदा पाणी बदलून पिळून घ्या, कारण त्यात खार असतो. सगळं जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून हाताने कालवा. मूठभर घेऊन दाबा. गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचताच फुटला पाहिजे. पाणी गळलं तर कोकोपीट जास्त झालं, गोळाच झाला नाही तर खत-माती कमी आहे.

शेणखत विकत आणलंत तर पोतं उघडल्यावर आधी वास घ्या. शेणाचा वास येत असेल, हाताला गरम लागत असेल तर ते कच्चं आहे. महिनाभर सावलीत ओलसर ठेवून द्या. आणि ते हाताने चाळताना पांढरट, जाड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या सापडल्या तर त्या हुमणीच्या. कच्च्या शेणखतातून त्या हमखास येतात, कुंडीत बसून मुळं खातात आणि वरून धडधाकट दिसणारं रोप एका दुपारी माना टाकतं. एकेक वेचून काढा. अर्धा तास जातो, पण हंगाम वाचतो.

दीर्घकाळ बाग करायची असेल तर घरचं कंपोस्ट सुरू कराच. वीस लिटरचे दोन डबे, बाजूंना आणि तळाला भोकं. तळाशी नारळाच्या शेंड्या, वर सुक्या पाचोळ्याचा थर, मग रोजची भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा. जेवढा ओला कचरा त्याच्या दुप्पट सुका पाला, हे प्रमाण चुकलं की वास आलाच समजा. विरजण म्हणून वाटीभर जुनं कंपोस्ट किंवा आंबट ताक. आठवड्यातून एकदा ढवळायचं. शिजवलेलं तेलकट अन्न, दूध, मासळी यात घालायची नाही. पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या तर किंचाळून डबा फेकू नका. त्या कचराच खातात, झाडाला काही करत नाहीत. सुका पाला वाढवला की कमी होतात. एक डबा भरला की दुसरा सुरू, तो भरेपर्यंत पहिल्याचं काळं, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारख्या वासाचं खत तयार असतं. साधारण दोन महिने.

सुका पाला शहरात मिळत नाही ही तक्रार फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणी करू नये. पानगळीत सोसायटीचा सफाई कामगार रोज पोतंभर पाला गोळा करतो. त्याच्याशी बोलून चार पोती भरून ठेवा, वर्ष निघतं. उन्हाळ्यात रसवंतीवाल्याकडे चिपाडांचा ढीग असतो. ती दोन-तीन दिवस उन्हात वाळवून, तोडून कुंडीच्या तळाशी भरली तर मातीचं वजन निम्म्याने वाचतं. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवार या शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटाच्या कामातून प्रेरणा घेऊन डॉ. आर. टी. दोशींनी मुंबईतल्या गच्चीवर चिपाडांमध्येच भाजी आणि फळझाडं वाढवून दाखवली होती. महाग माती विकत घेण्याआधी रसवंतीवर एक चक्कर मारायला हरकत नाही.

पहिली पेरणी: मेथी, धणे, पालक

बियांसाठी दुकानात जायची गरज नाही. स्वयंपाकघरातली मेथी आणि धणे चालतात, फक्त फार जुने नकोत.

मेथीचे दाणे रात्री भिजवा. सकाळी पसरट भांड्यातली माती आधी ओली करून सपाट करा, दाणे दाटसर पण एकमेकांवर चढणार नाहीत असे पसरा, वर अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरवा. पाणी झारीने. झारी नसेल तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोकं पाडा. वर ओलं गोणपाट टाका आणि तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी उचलून बघा. पांढरी टोकं दिसली की गोणपाट काढायचंच, एक दिवस उशीर झाला तर रोपं घटाच्या धान्यासारखी पिवळी होतात. पाच-सहा दिवसांनी फार दाट जागेची रोपं उपटा आणि कोशिंबिरीत टाका. पंचवीस ते तीस दिवसांत मेथी काढणीला येते.

दोन फूट बाय एक फूट भांड्यातून फार तर एक जुडी निघते. चौघांच्या घरात ती एका जेवणात संपते. म्हणून एकच मोठी पेरणी करण्याऐवजी तीन भांडी ठेवा आणि दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरा. पहिलं रिकामं होईपर्यंत दुसरं तयार होतं. हे चक्र एकदा बसलं की बाग चालू राहते, नाहीतर एकदा भाजी खाऊन कुंड्या कोपऱ्यात जातात.

धण्याचं वेगळं. एका धण्यात दोन बिया असतात. पोळपाटावर पसरून लाटण्याने हलकेच दाबा, दोन डाळिंब्या सुट्या झाल्या पाहिजेत, पीठ नाही. रात्रभर भिजवून मेथीसारखेच पेरा. कोथिंबीर उगवायला आठ-बारा दिवस घेते आणि लोक सातव्या दिवशी "काही आलं नाही" म्हणून माती उकरतात. थांबा. आणि मार्चनंतर धणे पेरूच नका; उष्णतेत कोथिंबीर पानं धरण्याआधी फुलावर येते. बाजारात जूनमध्ये जुडी महाग का होते त्याचं निम्मं उत्तर यात आहे.

पालकाला सहनशक्ती फार. उपटायचा नाही, बाहेरची मोठी पानं देठासकट तोडायची, मधला कोंब ठेवायचा. तीन-चार तोडण्या आरामात होतात. प्रत्येक तोडणीनंतर मूठभर कंपोस्ट.

हे तीन जमले की सोबतीला लसणाच्या पाकळ्या टोक वर करून खोचा, पात येते. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवा, मुळं फुटली की लावा, मात्र स्वतंत्र कुंडीत, तो शेजाऱ्याला जगू देत नाही. कढीपत्त्याचं रोप मात्र नर्सरीतूनच आणा.

कांदा, बटाटा, कोबी यांच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. कोबीचा एक गड्डा एक कुंडी तीन महिने अडवतो आणि मंडईत तो चहाच्या किमतीत मिळतो.

पाणी

नवशिक्यांची झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरतात. रोज सकाळी बोट दोन पेरांपर्यंत मातीत खुपसा. ओलं लागलं तर पाणी नको. कोरडं लागलं तर तळातून थेंब पडेपर्यंत घाला. वरवर शिंतोडे मारल्याने मुळं वरच राहतात आणि मेच्या पहिल्या झळीला रोप बसतं.

हिवाळ्यात दिवसाआड पुरतं, एप्रिल-मेमध्ये गच्चीवर सकाळ-संध्याकाळ लागू शकतं. मातीवर पाचोळ्याचं आच्छादन दोन इंच टाका, पाणी निम्म्यावर येतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. आरओ फिल्टरचं बाहेर पडणारं पाणी रोज घालू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात. कुंडीच्या कडेला पांढरा पापुद्रा दिसला तर समजा क्षार साचलेत.

कुंडीखालच्या ताटल्यांतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून टाका. डेंग्यूचे डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतात, आणि महापालिकेची माणसं तपासणीला आली की पहिल्यांदा ताटल्याच उचलून बघतात.

फळभाजी: मिरचीपासून भोपळ्यापर्यंत

पहिली फळभाजी म्हणून मिरची घ्या. चार रोपांत घराची हिरव्या मिरचीची गरज बरीचशी भागते. पुसा ज्वाला ही लांब, तिखट जात कुंडीत चांगली येते. पानं वर किंवा खाली वळून चुरगळली तर तो चुरडा-मुरडा, बारीक फुलकिडे आणि कोळी (जाळं विणणारा नव्हे, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड) रस शोषतात त्याने होतो. सुरुवातीलाच शेंडा खुडून निंबोळी अर्क (कृती पुढे किडीच्या भागात) फवारला तर रोप वाचतं.

भेंडीचं रोप करून हलवू नका, बी थेट मोठ्या कुंडीत टोकावं. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तोडणी सुरू होते आणि मग दर दिवसाआड तोडावीच लागते, दोन दिवस विसरलात की भेंडी निबर. किती रोपं? इथे बहुतेकांचा हिशोब चुकतो. दोन रोपांवर एका तोडणीला दोन-तीन भेंड्या येतात, त्यांची भाजी होत नाही. चौघांना आठवड्यातून एकदा भाजी हवी तर आठ-दहा रोपं लागतात. तेवढी जागा नसेल तर भेंडी सोडा. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो हळद्या रोग, पांढऱ्या माशीमुळे पसरतो, त्यावर औषध नाही, रोप उपटायचं. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती ही जात निघाली तीच या रोगाला तोंड देण्यासाठी.

वांग्यात मांजरी गोटा ही जात लावून बघा, भरल्या वांग्याचा आनंद वेगळा. वांग्याचा शेंडा अचानक मान टाकताना दिसला तर आत अळी आहे. चार बोटं खालून कापून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टात नको.

टोमॅटो बारा इंची कुंडीत एकच. हलवताना रोप खोल लावा, पहिल्या पानांपर्यंत माती आली तरी चालते, खोडाला मुळं फुटतात. काठीला सैल बांधा. फळाच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडला तर रोग समजून फवारत बसू नका. पाणी कधी भरपूर, कधी शून्य झालं की रोपाला चुना म्हणजे कॅल्शियम फळापर्यंत पोहोचवता येत नाही, त्याने तो डाग पडतो. पाणी नियमित करा. आणि एप्रिलमध्ये फुलं गळू लागली तर वाईट वाटून घेऊ नका, पस्तिशीच्या पुढच्या तापमानात टोमॅटो फळ धरतच नाही.

आता वेल. दुधी, काकडी, कारलं लावणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या. पहिली: "नुसती फुलं येतात, फळ नाही." सुरुवातीचे दोन-तीन आठवडे वेलावर नरफुलंच येतात, त्यात काही बिघडलेलं नसतं. फूल उलटं करून बघा. नुसत्या सडपातळ देठावर असेल तर नर. पाकळ्यांच्या मागे चिमुकली काकडी किंवा बोटभर दुधी असेल तर ती मादी. दुसरी तक्रार: "छोटं फळ येतं, पिवळं पडून गळतं." म्हणजे परागीभवन झालेलं नाही. सातव्या मजल्यावर मधमाश्या येतीलच असं नाही, तेव्हा ते काम आपण करायचं.

नरफूल देठासकट तोडा, पाकळ्या मागे वळवा, मधल्या दांडीवर पिवळी भुकटी बोटाला लागते ती बघा. ती दांडी मादी फुलाच्या मधल्या भागावर दोन-तीनदा हलकेच टेकवा. एका नराकडून दोन माद्यांचं काम होतं. वेळ महत्त्वाची. काकडी, कारलं आणि लाल भोपळ्याची फुलं सकाळी उमलतात, म्हणून हे नऊच्या आत करा. दुधीचं पांढरं फूल आणि दोडक्याचं पिवळं फूल संध्याकाळी उमलतं, तिथे दिवेलागणीला टॉर्च घेऊनच जावं लागतं. शेजारीपाजारी काय समजायचं ते समजोत. तीन-चार दिवसांत फळाचं देठ खाली झुकून ते फुगू लागलं की जमलं.

जातींचं म्हणाल तर काकडीत हिमांगी आणि दुधीत सम्राट, दोन्ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या. वेलाला सुतळीचा मांडव पेरतानाच करून ठेवा. वेल वाढल्यावर मांडव घालायला गेलात तर वेल मोडतो.

फळभाज्यांना दर पंधरा दिवसांनी काहीतरी द्यावं लागतं. एक तर दोन मुठी कंपोस्ट, किंवा जीवामृत. शेण-गोमूत्र आंबवून करायच्या या द्रवखताचं नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांचं एकरी दोनशे लिटरचं प्रमाण घरासाठी दहाव्या हिश्श्यावर आणा: वीस लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन, मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळा, दोन-तीन दिवसांनी दहापट पाण्यात मिसळून घाला. शेंगदाणा पेंड भिजवून घालण्याचा सल्ला बरेच जण देतात. गुण येतो, पण चौथ्या दिवशी जो वास सुटतो तो बाल्कनीत झेपत नाही. गच्ची असेल तरच.

कीड: रोज दोन मिनिटं, फवारणी लागलीच तर

सकाळचा चहा घेऊन बागेत जा आणि पानं उलटी करून बघा. कीड वरून दिसत नाही, पानाच्या पाठीवर बसते. हिरवा-काळा मावा दिसला तर पाण्याच्या जोराच्या धारेने धुवा. मुंगळ्यांची रांग खोडावर चढताना दिसली तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहेच, मुंग्या त्यांचा गोड चिकटा चाटायला जातात. पिठ्या ढेकणाचे कापसासारखे पुंजके जुन्या टूथब्रशने, साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा.

फवारणी लागलीच तर निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, साबणाचे चार थेंब घाला, संध्याकाळी फवारा. निंबोळ्या नसतील तर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल. दुपारच्या उन्हात फवारलं तर पानं करपतात.

ढालकिडा, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेला इवलासा किडा, त्याला मारू नका, तो मावा खातो. त्याचं पिल्लू मात्र काळं, काटेरी, अगदी चिमुकल्या मगरीसारखं दिसतं आणि लोक भीतीने तेच आधी चिरडतात.

कबुतरांवर एकच उपाय, जाळी. आरसे, सीडी, प्लॅस्टिकचं घुबड हे सगळं ती आठवड्याभरात ओळखतात आणि मग घुबडाच्या डोक्यावर बसतात.

बी राखणं आणि मे महिना

पाकिटावर संकरित लिहिलेलं असेल तर त्या फळाचं बी पुढच्या वर्षी तसंच येईल याची खात्री नाही. सरळ वाण (संकर न केलेला) किंवा गावाकडचं बी असेल तर एक भेंडी, एक दोडका, घेवड्याच्या चार शेंगा झाडावरच पूर्ण वाळू द्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जुन्या वाणांचं बियाणं असंच जपत त्याची बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावी गेलात की आजीला, मावशीला विचारा. वालाचं किंवा काकडीचं घरचं बी कुणाच्या तरी डब्यात असतंच. वाळलेलं बी चुलीच्या राखेत घोळवून काचेच्या बाटलीत भरा, वर वाण आणि महिना लिहा.

मे महिन्यात सुट्टीला गावी जाणार असाल तर मिरची, कढीपत्ता, पुदिना एवढ्याच कुंड्या सावलीत एकत्र दाटीने ठेवून शेजाऱ्यांच्या हवाली करा. दिवसाआड एक बादली, एवढंच सांगा. सूचनांचा कागद दिलात तर कुणी वाचत नाही. बाकी कुंड्या निघायच्या आधी रिकाम्या करा. माती प्लॅस्टिकवर पातळ पसरा, जुनी मुळं काढा, ओली करून वरून पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा विटांनी दाबा. मेच्या उन्हात तीन-चार आठवड्यांत त्यातलं तणाचं बी आणि बरीचशी बुरशी मरते. परत आल्यावर तीन घमेली जुन्या मातीला एक घमेलं कंपोस्ट आणि निंबोळी पेंड मिसळून पुन्हा भरा. ज्या कुंडीत टोमॅटो होता तिथे या खेपेला वांगं-मिरची लावू नका, तिघांचं कूळ एकच आणि रोगही एकच. तिथे गवार किंवा घेवडा टाका.